पर्सी विल्यम्स ब्रिजमन

पर्सी विल्यम्स ब्रिजमन (२१ एप्रिल १८८२ – २० ऑगस्ट १९६१) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व विज्ञानाचे तत्त्वचिंतक होते. अतिउच्च दाब निर्माण करणारी उपकरणे तयार केल्याबद्दल आणि त्या उपकरणांच्या साहाय्याने लावलेल्या शोधांबद्दल त्यांना १९४६ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दाबामुळे धातूंच्या विद्युत रोधात होणारा बदल हा त्यांच्या संशोधनाचा आरंभापासून अखेरपर्यंतचा विषय होता. हा बदल त्यांनी केवळ अभ्यासला नाही, तर दाब मोजण्याचे साधन म्हणूनही वापरला. एखादी राशी कशी मोजली हे सांगितल्याशिवाय त्या राशीला अर्थ नाही, असा विचार त्यांनी पुढे मांडला. ‘संक्रियावाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विचाराचा प्रभाव भौतिकशास्त्राबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्रांवरही पडला.

बालपण व शिक्षण

ब्रिजमन यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. त्यांचे वडील रेमंड लँडन ब्रिजमन हे पत्रकार व लेखक होते. राज्याच्या राजकारणावर ते वृत्तपत्रांतून लेखन करीत. पर्सी यांचे बालपण बॉस्टनजवळील न्यूटन या गावी गेले. घरातील वातावरण धार्मिक होते. मुलाने चर्चचे सदस्यत्व घ्यावे अशी वडिलांची अपेक्षा होती. परंतु जे स्वतःला पटत नाही ते मान्य करावयाचे नाही, हा पर्सी यांचा स्वभाव तरुणपणीच दिसू लागला आणि त्यांनी ते सदस्यत्व घेतले नाही.

१९०० साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथून १९०४ मध्ये पदवी, १९०५ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९०८ मध्ये डॉक्टरेट त्यांनी मिळविली. पाऱ्याच्या विद्युत रोधाचा दाबमापक म्हणून उपयोग हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ध्वनिशास्त्रातील कार्यासाठी प्रसिद्ध असलेले वॉलेस सॅबाइन हे त्यांचे मार्गदर्शक होते. पुढे हार्वर्डमध्येच ते अध्यापक झाले. १९१९ मध्ये त्यांना प्राध्यापकपद, १९२६ मध्ये गणित व निसर्गतत्त्वज्ञानाचे हॉलिस प्राध्यापकपद आणि १९५० मध्ये हिगिन्स विद्यापीठ प्राध्यापकपद मिळाले. १९५४ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थिदशेपासून आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांचा हार्वर्डशी संबंध कायम राहिला.

१९१२ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह वेअर यांच्याशी झाला. ऑलिव्ह यांचे वडील एडमंड वेअर हे अटलांटा विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते. ब्रिजमन दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

गळती न होणारी जोडणी

दाब हा शब्द रोजच्या व्यवहारातला असला, तरी ब्रिजमन ज्या दाबांवर काम करीत होते त्यांची कल्पना सहज येत नाही. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब आपल्यावर असतो त्याला एक वातावरण म्हणतात. हा दाब एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजन ठेवल्यासारखा असतो. महासागराच्या सर्वांत खोल तळाशी तो सुमारे १,१०० वातावरणे भरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल आमागा यांनी सुमारे ३,००० वातावरणांपर्यंत काटेकोर प्रयोग केले होते. त्यापुढे जाण्यात मुख्य अडचण होती ती गळतीची. पोलादी नळकांड्यातील द्रवावर दट्ट्याने दाब दिला की एका मर्यादेनंतर द्रव सांध्यांतून बाहेर पडे आणि दाब वाढणे थांबे.

१९०५ च्या सुमारास ब्रिजमन यांनी प्रयोगांना प्रारंभ केला तेव्हा त्यांना अभ्यासावयाचा विषय वेगळा होता. दाबामुळे पदार्थाच्या अपवर्तनांकात काय फरक पडतो हे त्यांना पाहावयाचे होते. प्रयोग चालू असताना उपकरणाचा एक भाग निकामी झाला आणि तो बदलून येईपर्यंत काम थांबले. त्या अवधीत त्यांनी उपकरणाच्या अन्य भागांकडे लक्ष दिले. चटकन उघडता व बंद करता यावी एवढ्याच हेतूने त्यांनी एक जोडणी तयार केली होती. दाब वाढत जाईल तशी ही जोडणी सैल न पडता अधिकाधिक घट्ट बसते, असे त्यांना आढळून आले.

या जोडणीचे तत्त्व साधे आहे. दट्ट्याच्या पुढे छत्रीच्या आकाराची, खाली दांडी असलेली एक पोलादी चकती असते. चकतीच्या मागे, दांडीभोवती, रबरासारख्या मऊ पदार्थाचे कडे बसविलेले असते. दांडीच्या टोकाला मात्र कोणताही आधार नसतो. द्रवाचा दाब चकतीच्या संपूर्ण पृष्ठभागावर पडतो. पण ते सर्व बल पेलावे लागते ते फक्त कड्याला, आणि कड्याचे क्षेत्रफळ चकतीपेक्षा कमी असते. तेच बल कमी क्षेत्रफळावर आल्यामुळे कड्यातील दाब द्रवाच्या दाबापेक्षा नेहमी ठरावीक पटीने जास्त राहतो. साहजिकच द्रवाला कड्यातून वाट मिळत नाही. या तत्त्वाला ‘निराधार क्षेत्राचे तत्त्व’ म्हणतात.

या एका सुधारणेने गळतीची मर्यादा नाहीशी झाली. आता किती दाब मिळेल हे केवळ पोलाद किती ताण सोसते यावर अवलंबून राहिले. थोड्याच काळात ब्रिजमन ६,५०० वातावरणांपर्यंत आणि नंतर नित्यक्रमाने १२,००० वातावरणांपर्यंत प्रयोग करू लागले. अपवर्तनांकाचा मूळ विषय मागे पडला आणि उच्च दाब हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

दाब मोजण्याचा प्रश्न

दाब निर्माण झाला, पण तो किती आहे हे सांगणारे साधन कोणाकडेही नव्हते. बाजारात मिळणारे धातूच्या वक्र नळीचे दाबमापक इतक्या दाबाला निरुपयोगी होते. ब्रिजमन यांनी यासाठी दोन पायऱ्यांची पद्धत अवलंबिली. पहिल्या पायरीवर त्यांनी मुक्त दट्ट्याचा दाबमापक तयार केला. यात अगदी बारीक दट्ट्या द्रवाच्या दाबाने वर उचलला जातो आणि त्याला समतोल ठेवण्यासाठी किती वजन लागते ते पाहतात. वजन भागिले दट्ट्याचे क्षेत्रफळ म्हणजे दाब. हे साधन थेट व्याख्येवर आधारलेले असल्यामुळे विश्वासार्ह होते. परंतु रोजच्या प्रयोगांना ते अवजड व नाजूक होते.

म्हणून दुसऱ्या पायरीवर एखादा हाताळण्यास सोपा मापक हवा होता. यासाठी त्यांनी प्रथम पारा निवडला. काचेच्या केशनलिकेत भरलेल्या पाऱ्यावर दाब वाढविला की त्याचा विद्युत रोध लक्षणीय प्रमाणात घटतो. हा रोध मोजला की दाब समजतो. मात्र यात काचही दाबली जाते, म्हणून तिच्या आकुंचनाचा हिशेब करावा लागे. शिवाय पारा दाबाखाली गोठतो. शून्य अंश सेल्सियसला सुमारे साडेसात हजार वातावरणांच्या आसपास तो घन होतो. त्यापलीकडे पाऱ्याचा मापक चालत नाही.

यावर त्यांनी शोधलेले साधन म्हणजे मँगॅनिनची तार. मँगॅनिन ही तांबे, मँगॅनीज व अल्प प्रमाणात निकेल यांची मिश्रधातू आहे. तापमान थोडेफार बदलले तरी तिचा रोध जवळजवळ स्थिर राहतो. दाबाने मात्र तो बदलतो. स्वीडनमधील एरिक लिसेल यांनी ही गोष्ट याआधी कमी दाबांवर पाहिली होती. ब्रिजमन यांनी ती उच्च दाबांवर तपासली. मँगॅनिनचा रोध दाबाच्या प्रमाणात जवळजवळ सरळ रेषेत वाढतो असे त्यांना आढळले. १०,००० वातावरणांना ही वाढ सुमारे सव्वादोन ते अडीच टक्के भरते. वाढ लहान असली तरी रोध अत्यंत अचूक मोजता येतो, त्यामुळे दाबही अचूक मिळतो. रेशमाने आवेष्टित केलेल्या बारीक तारेचे छोटे वेटोळे दाबपात्रात ठेवायचे आणि त्याची दोन टोके विद्युतरोधक खिळीतून बाहेर काढायची, एवढीच या मापकाची मांडणी होती.

तार प्रमाणित करण्यासाठी ब्रिजमन यांनी पाऱ्याचाच नव्या रीतीने उपयोग केला. मुक्त दट्ट्याच्या साहाय्याने पाऱ्याचा शून्य अंशावरील गोठण्याचा दाब एकदा निश्चित केला, की तो बिंदू खुणेसारखा वापरता येतो. इतर प्रयोगशाळांना दट्ट्याचा मापक बनविण्याची गरज उरली नाही. पारा गोठतो त्या क्षणी तारेचा रोध किती वाढला ते पाहावे आणि त्या प्रमाणात पुढील दाब काढावा, ही पद्धत अनेक प्रयोगशाळांनी स्वीकारली.

दाबाखालील धातूंचा रोध

१९१७ मध्ये ब्रिजमन यांनी २२ धातूंच्या रोधाची १२,००० वातावरणांपर्यंतची मापने प्रसिद्ध केली. बहुतेक धातूंचा रोध दाबाने कमी होतो असे त्यांतून दिसले. तांब्याचा रोध १०,००० वातावरणांना सुमारे दोन टक्क्यांनी घटतो; शिशासारख्या मऊ धातूत ही घट दहा टक्क्यांहून अधिक असते.

त्या काळच्या प्रचलित कल्पनेनुसार इलेक्ट्रॉन अणूंमधील मोकळ्या जागेतून वाट काढीत जातात. तसे असते तर अणू जवळ आल्यावर वाट अरुंद होऊन रोध वाढावयास हवा होता. प्रत्यक्षात तो घटत होता. यावरून रोधाचे मुख्य कारण अणूंची दाटी नसून त्यांची उष्णतेमुळे होणारी कंपने आहेत, असे ब्रिजमन यांचे मत बनले. दाबाखाली अणू एकमेकांना अधिक घट्ट बांधले जातात, त्यांची कंपने आखूड होतात आणि इलेक्ट्रॉनांच्या मार्गातील अडथळा कमी होतो. धातूंतील वहनाचा पुंजयामिकीवर आधारलेला सिद्धांत पुढे विकसित झाला, तेव्हा कंपनांच्या या भूमिकेला भक्कम आधार मिळाला.

काही धातू मात्र या नियमाला अपवाद ठरले. बिस्मथ, अँटिमनी, लिथियम, कॅल्शियम व स्ट्राँशियम यांचा रोध दाबाने वाढतो. सिझियमचा रोध प्रथम घटतो आणि एका दाबानंतर वाढू लागतो. सुमारे २५,००० वातावरणांना बिस्मथची स्फटिकरचनाच बदलते आणि त्याचा रोध एकदम खाली येतो. अशा आकस्मिक उड्या पुढे उच्चदाब संशोधनात मैलाच्या दगडांसारख्या वापरल्या जाऊ लागल्या.

चहूबाजूंनी सारखा दाब आणि एकाच दिशेने दिलेला ताण यांचे परिणाम सारखे नसतात, हेही ब्रिजमन यांनी काळजीपूर्वक तपासले. तार ताणली की ती लांब व बारीक होते, म्हणून तिचा रोध वाढतो. हा भाग निव्वळ आकाराचा आहे. परंतु पदार्थाच्या अंगभूत रोधकतेतही काही बदल होतो, आणि तो आकाराच्या परिणामापासून वेगळा काढावा लागतो. एकच सलग स्फटिक घेतल्यास कोणत्या दिशेने ताण दिला व कोणत्या दिशेने प्रवाह सोडला यावरही उत्तर बदलते. स्फटिकांच्या रोधावर यांत्रिक प्रतिबलाचा होणारा परिणाम गणिताच्या चौकटीत बसविणारा लेख त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा प्रयोगांना मोठे एकस्फटिक लागत. वितळलेला धातू भट्टीच्या उष्ण भागातून थंड भागाकडे सावकाश सरकवून एकस्फटिक तयार करण्याची रीत त्यांनी १९२५ मध्ये मांडली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते व अर्धसंवाहकांच्या उत्पादनात वापरली जाते.

इतर शोध

गुस्टाफ टामान यांनी दाबाखाली तयार होणारी बर्फाची दोन रूपे आधी शोधली होती. ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये आणखी दोन (बर्फ ५ व बर्फ ६) आणि १९३७ मध्ये बर्फ ७ हे रूप शोधून काढले. बर्फ ७ हे पाण्याच्या उत्कलनबिंदूइतक्या तापमानालाही दाबाखाली घन राहू शकते.

१९१४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाला १२,००० वातावरणांचा दाब दिला असता त्यांना एक काळा, ग्रॅफाइटसारखा पदार्थ मिळाला. पांढरा फॉस्फरस विद्युतरोधक आहे, तर हा काळा फॉस्फरस वीज वाहून नेतो. शंभर वर्षांनंतर, २०१४ मध्ये, याच काळ्या फॉस्फरसपासून अतिशय पातळ थर सोलून काढून त्यांपासून ट्रान्झिस्टर बनविण्यात आले आणि हा पदार्थ पुन्हा एकदा संशोधकांच्या कुतूहलाचा विषय झाला. अंड्यातील पांढरा बलक न तापविता केवळ दाबाने घट्ट होतो, हेही ब्रिजमन यांनी १९१४ मध्ये दाखविले. अन्नपदार्थ उष्णतेऐवजी दाबाने निर्जंतुक करण्याच्या आधुनिक तंत्राच्या इतिहासात या निरीक्षणाचा उल्लेख होतो.

ग्रॅफाइटपासून हिरा बनविण्याचा त्यांनी वारंवार प्रयत्न केला, पण त्यात त्यांना यश आले नाही. हे यश डिसेंबर १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेला मिळाले. तेथील उपकरणांमागे ब्रिजमन यांनी विकसित केलेल्या तत्त्वांचा मोठा वाटा होता.

संक्रियावाद

१९२७ मध्ये ब्रिजमन यांचा ‘द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने काल व लांबी यांसारख्या उघड वाटणाऱ्या कल्पनांनाही धक्का दिला होता. असा धक्का पुन्हा बसू नये यासाठी काय करावे, हा ग्रंथाचा मूळ प्रश्न आहे. ब्रिजमन यांच्या मते एखाद्या संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती ठरविण्यासाठी आपण प्रत्यक्ष करतो त्या क्रियांचा संच. खोलीची लांबी पट्टीने मोजली जाते आणि ताऱ्याचे अंतर प्रकाशाच्या साहाय्याने. दोन्हींना आपण लांबी म्हणत असलो, तरी क्रिया भिन्न असल्यामुळे काटेकोरपणे पाहता त्या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. दोन्हींची उत्तरे जेथे जुळतात तेथपर्यंतच त्यांना एक मानण्याची मुभा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणतीही क्रिया सांगता येत नाही, तो प्रश्न निरर्थक ठरतो.

हा विचार प्रयोगशाळेतील अनुभवाशी सुसंगत होता. ब्रिजमन यांच्या प्रयोगात दाब म्हणजे कधी दट्ट्यावरचे वजन, कधी पाऱ्याचा रोध, तर कधी मँगॅनिनच्या तारेचा रोध होता. या तिन्हींची सांगड घालणे हे त्यांचे रोजचे काम होते.

या मतावर टीकाही झाली. प्रत्येक मापनपद्धतीला स्वतंत्र संकल्पना मानली तर विज्ञानात संकल्पनांची बेसुमार गर्दी होईल, असा आक्षेप तत्त्वज्ञांनी घेतला. मानसशास्त्रात वर्तनवाद्यांनी हा विचार उत्साहाने उचलला. ब्रिजमन यांना मात्र आपल्या विचाराला पंथाचे रूप आलेले आवडत नव्हते. आपण एक दृष्टी सांगितली, तत्त्वज्ञानाची पद्धती उभारलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती.

एक लाख वातावरणांपर्यंत

१९३० नंतर ब्रिजमन यांनी दाबाची मर्यादा आणखी पुढे नेली. यासाठी त्यांनी दोन युक्त्या योजल्या. पहिली म्हणजे दाबपात्राला बाहेरून आधार देणे. निमुळते पात्र जाड पोलादी कड्यात दाबून बसविले की आतील दाबाबरोबर बाहेरचा आधारही वाढत जातो. पुढे त्यांनी लहान उपकरण संपूर्णपणे उच्च दाबाच्या द्रवात बुडवून त्यात आणखी दाब निर्माण केला आणि एक लाख वातावरणांचा टप्पा गाठला. दुसरी युक्ती म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या दोन ऐरणी. त्यांची टोके लहान व बुंधे रुंद असल्यामुळे टोकांवरचा प्रचंड भार सभोवतालचा पदार्थ पेलतो. या रचनेला ब्रिजमन ऐरण म्हणतात.

ऐरणींच्या मधल्या जागेत द्रव राहू शकत नाही. म्हणून ब्रिजमन धातूची अतिशय पातळ पट्टी घेऊन ती सिल्व्हर क्लोराइड या मऊ पदार्थाच्या थरांत ठेवीत आणि भोवती पाइपस्टोन या दगडाचे पातळ कडे बसवीत. पट्टीतून वीज सोडून तिचा रोध मोजला जाई. १९५२ मध्ये त्यांनी ७२ मूलद्रव्ये, मिश्रधातू व संयुगे यांच्या रोधाची एक लाख वातावरणांपर्यंतची मापने प्रसिद्ध केली. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.

येथे एक विसंगती राहून गेली. पदार्थाचे रूप बदलते तो दाब दोन रीतींनी कळू शकतो : आकारमान एकदम घटते त्यावरून किंवा रोध एकदम बदलतो त्यावरून. बेरियम, सिझियम व थॅलियम यांच्या बाबतीत ब्रिजमन यांच्या दोन उपकरणांनी एकाच बदलासाठी वेगवेगळे दाब दाखविले आणि रोधाच्या उपकरणाचे आकडे जास्त होते. ऐरणींमधील दाब हा एकूण बल भागिले क्षेत्रफळ असा धरलेला होता. घन पदार्थात दाब सर्वत्र सारखा नसतो व घर्षणही असते, ही अडचण त्यात होती. पुढील संशोधकांनी नव्या मापनांनी रोधाची दाबश्रेणी खाली आणली. त्यामुळे ब्रिजमन यांच्या सर्वोच्च दाबांच्या नोंदी आज जशाच्या तशा घेतल्या जात नाहीत. मात्र प्रत्येक आकडा कोणत्या क्रियेने मिळाला हे त्यांनी नोंदवून ठेवले असल्यामुळे ती मापने फेकून द्यावी लागली नाहीत. ती दुरुस्त करता आली. एकाच नावाच्या दोन राशी खरोखर एक आहेत की नाहीत हे तपासूनच मानावे, या त्यांच्या शिकवणुकीचे उदाहरण त्यांच्याच कामात मिळाले.

अध्यापन व स्वभाव

ब्रिजमन आपल्या उपकरणांचे भाग बव्हंशी स्वतःच्या हाताने घडवीत. मोठा संशोधक गट उभारण्यापेक्षा मोजक्या सहायकांच्या मदतीने स्वतः प्रयोग करणे त्यांना पसंत होते. त्यांचे २६० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले व त्यांपैकी बहुतेकांवर त्यांचे एकट्याचे नाव आहे. समित्या व प्रशासन यांपासून ते शक्यतो दूर राहत. एडविन केम्बल, जॉन स्लेटर व भूभौतिकीतील फ्रान्सिस बर्च हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली ऊष्मागतिकीचे शिक्षण घेतले होते. उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायर राज्यातील रँडॉल्फ येथील घरी जाऊन राहणे, डोंगर चढणे व बागकाम हे त्यांचे विरंगुळे होते.

युद्धकाळ व सार्वजनिक भूमिका

पहिल्या महायुद्धात त्यांनी पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या पद्धतींवर, तर दुसऱ्या महायुद्धात चिलखती पोलादाच्या विरूपणावर काम केले. अणुबाँबच्या प्रकल्पासाठी युरेनियम व प्लुटोनियम यांची संपीड्यताही त्यांनी मोजली.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. सर्वंकष हुकूमशाही असलेल्या राष्ट्रांच्या नागरिकांना आपली उपकरणे दाखविणार नाही व त्यांच्याशी वैज्ञानिक चर्चा करणार नाही, असे त्यात जाहीर केले होते. अशा राष्ट्रातील नागरिक स्वतंत्र व्यक्ती राहत नाही आणि त्याला दिलेले ज्ञान राज्यसत्तेच्या हाती जाऊ शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. विज्ञानाला सीमा नसतात या परंपरेला हे निवेदन छेद देणारे होते. काहींनी त्याचे स्वागत केले, तर काहींना व्यक्तीला तिच्या शासनासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे वाटले. १९५५ मध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याविषयी जगाला सावध करणाऱ्या रसेल–आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या अकरा जणांमध्ये ब्रिजमन यांचा समावेश होता.

सन्मान

नोबेल पारितोषिकापूर्वी ब्रिजमन यांना रमफर्ड पारितोषिक (१९१७), फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे क्रेसन पदक (१९३२) आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे कॉमस्टॉक पारितोषिक (१९३३) हे सन्मान मिळाले होते. १९४२ मध्ये ते अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९४९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले.

अखेर

आयुष्याच्या शेवटी ब्रिजमन यांना हाडांत पसरलेला असाध्य कर्करोग झाला. दुखणे वाढत असतानाही त्यांनी आपल्या संकलित शोधनिबंधांच्या सूचीचे काम अखेरच्या दिवसांत पूर्ण केले. २० ऑगस्ट १९६१ रोजी रँडॉल्फ येथील घरी त्यांनी आपल्या आयुष्याचा शेवट केला. मागे ठेवलेल्या छोट्या चिठ्ठीत, अशा अवस्थेत माणसाला एकट्याने हे करावे लागावे याबद्दल त्यांनी समाजाला दोष दिला होता. असाध्य रोग्यांची शुश्रूषा व दयामरण यांविषयीच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख त्यानंतर अनेकदा झाला. त्यांचे प्रायोगिक शोधनिबंध हार्वर्ड विद्यापीठाने १९६४ मध्ये सात खंडांत प्रकाशित केले.

वारसा

यांत्रिक ताणाने तारेचा रोध बदलतो ही गोष्ट लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये तांबे व लोखंड यांच्या तारांवर दाखविली होती. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे, वस्तूवर चिकटविता येणारा तारेचा विकृतिमापक तयार केला. पुढे तारेची जागा धातूच्या पातळ पत्र्याने आणि नंतर विद्युतरोधक थरावर बसविलेल्या, मायक्रोमीटरच्या आसपास जाडीच्या पटलाने घेतली. पटल ज्या पृष्ठभागावर असते त्याच्याबरोबर ताणले किंवा दाबले जाते आणि त्याचा रोध बदलतो. दुकानांतील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांत असेच विकृतिमापक असतात.

१९५४ मध्ये चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन व जर्मेनियम यांमध्ये हा परिणाम धातूंपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असल्याचे दाखविले. धातूचा विकृतिमापक लांबीतील एक टक्का बदलाला रोधात सुमारे दोन टक्के बदल दाखवितो. सिलिकॉनमध्ये हे प्रमाण शंभर पटींपर्यंत जाते. रक्तदाब, टायरमधील हवा व इंजिनातील दाब मोजणारे अनेक सूक्ष्म संवेदक या तत्त्वावर चालतात. स्फटिकाच्या दिशेनुसार रोध कसा बदलतो याचा जो विचार या संवेदकांच्या रचनेत करावा लागतो, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत ब्रिजमन यांच्या १९३२ च्या लेखाचे स्थान आहे.

मँगॅनिनची उपयुक्तताही संपलेली नाही. स्फोट व आघात यांमुळे क्षणार्धात निर्माण होणारा दाब मोजण्यासाठी मँगॅनिनचे पातळ पटल प्लॅस्टिकच्या दोन थरांत ठेवून नमुन्यात बसवितात. तरंग पटलावरून जाताना त्याच्या रोधात जो बदल होतो त्यावरून दाब कळतो. वेटोळ्याची जागा पटलाने घेतली असली, तरी तत्त्व ब्रिजमन यांच्या प्रयोगशाळेतीलच आहे. ऐरणींचे तत्त्वही टिकून आहे. टंगस्टन कार्बाइडच्या जागी हिऱ्यांची टोके वापरणाऱ्या ऐरणींनी आज पृथ्वीच्या केंद्राइतके, म्हणजे सुमारे ३६ लाख वातावरणांचे, दाब गाठता येतात.

पृथ्वीच्या खालच्या प्रावरणाचा बहुतांश भाग मॅग्नेशियम सिलिकेटाच्या एका दाट रूपाने बनलेला आहे. पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात असूनही या पदार्थाला अधिकृत नाव नव्हते, कारण त्याचा नैसर्गिक नमुना तपासता आलेला नव्हता. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत तो सापडल्यावर २०१४ मध्ये त्याला ‘ब्रिजमनाइट’ हे नाव देण्यात आले.

ग्रंथसंपदा

ब्रिजमन यांचे प्रमुख ग्रंथ पुढीलप्रमाणे आहेत :

डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस (१९२२)
द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स (१९२७)
द फिजिक्स ऑफ हाय प्रेशर (१९३१)
द नेचर ऑफ फिजिकल थिअरी (१९३६)
द नेचर ऑफ थर्मोडायनॅमिक्स (१९४१)
रिफ्लेक्शन्स ऑफ अ फिजिसिस्ट (१९५०)
द वे थिंग्ज आर (१९५९)